पाणाड्याचं शेवटचं कडवं

सर्जेराव चेअरमनच्या दहाव्याला मी इतका रडलो, की मला भाऊबंदांपैकी समजून कुणीतरी दुखवट्याचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. मी तो ठेवून घेतला. टॉवेल चांगला होता, पुढं चार वर्षं टिकला.

खरं म्हणजे ह्या चेअरमननं हयातीत मला ताकसुद्धा पाजलं नव्हतं. त्याच्या मळ्यातली विहीर मी दाखवली, आणि पाणी लागल्यावर तो गावभर सांगत सुटला की जागा त्याला स्वप्नात दिसली. असल्या माणसासाठी माझे डोळे वाहावेत? पण घाटावर शाहीर शामराव हुजऱ्यांनी डफावर थाप मारली आणि ‘गेला सर्जेराव, गेला दानशूर कर्ण’ असा सूर लावला, तेव्हा ज्यांचे बांध चेअरमननं कोरले होते तेसुद्धा मुंडाशात तोंड खुपसून हुंदके देऊ लागले.

परतीच्या वाटेवर बायकोनं, म्हणजे चंपानं, मला धरलं.

“तुमी कशाला रडत हुता? तुमच्या विहिरीचं तर नाव बी आलं न्हाई गाण्यात.”

“तेच तर. खोट्या माणसाचं एवढं खरं गाणं झालं. मग माझं केवढं हुईल?”

“त्याच्यासाठी आधी मरावं लागतंय.”

“ती सोय डॉक्टरनं केलीय की.”

ही गोष्ट खरी होती. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. छातीत कळ आली म्हणून तालुक्याला गेलो, तर डॉक्टरनं नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, चढ चढू नका, दगदग करू नका, दोन वर्षं सांभाळा. दोन वर्षांनंतर काय, ते सांगितलं नाही. मी हिशेब केला: मरायला दोन वर्षं हातात आहेत, तोवर आपलं गाणं आपणच ठरवून ठेवलेलं बरं. मेल्यावर लोक काय वाटेल ते गातात.

माझा धंदा पाणाड्याचा. भुईखाली पाणी कुठं आहे ते सांगायचं. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो. आपोआप म्हणजे मनगटानं. पण तेवढ्यावरून मला लबाड ठरवू नका. नारळ बघणाऱ्यांसाठी असायचा. मी बघायचो ते उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, चैत्रातसुद्धा हरळी कुठं हिरवी आहे. अशा तीनशे बारा विहिरी मी दाखवल्या आणि एकही कोरडी गेली नाही, असं मी सांगत असे.

मान तर एवढा होता, की पंचमीच्या दिवसांत एखाद्या गावात बायका फेर धरून गाणी म्हणत असल्या आणि मी वाटेनं आलो, की गाणं मध्येच थांबायचं. बायका पदर तोंडाला लावायच्या, खाली बघायच्या. मी पुढं गेलो की मगच परत सुरू. एवढा आदर पंचक्रोशीत फक्त फौजदाराला आणि मला मिळत असे.

तर मी आधी शाहीर हुजऱ्यांकडे गेलो. ते ओसरीवर पाय पसरून सुपारी कातरत बसले होते.

“नाव काय लावू?” त्यांनी विचारलं.

“केरबा तोडकर.”

शाहिरांनी मांडीवर ताल धरला, दोनदा गुणगुणले आणि मान हलवली. “चालीत बसत न्हाई. चाल सर्जेरावाची हाय. केरबाराव म्हणू. गेला केरबाराव, गेला दानशूर कर्ण... बघा, फिट्ट बसलं.”

“पर शाहीर, मी कुठं दान केलंय?”

“चेअरमननं तरी कुठं केलंतं?”

“आणि माझ्या विहिरी?”

“विहिरीला कडवं न्हाई,” शाहीर म्हणाले. “सोसायटीला हाय, कारखान्याला हाय, शाळेला हाय. तुमी शाळेचं घ्या. लोक लई रडत्यात शाळेला.”

घरी येऊन चंपाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “झ्याक झालं. म्हणजे मरणार तुमी आणि लोक रडणार कुणा केरबारावाला.”

मग मी मोरे गुरुजींकडे गेलो. गुरुजी ‘व्यथित’ ह्या नावानं कविता करीत. त्यांनी माझ्या तीनशे बारा विहिरींचं वर्णन वहीत उतरवून घेतलं, आठ दिवस दार लावून बसले आणि नवव्या दिवशी स्वतः घरी येऊन वाचून दाखवलं. ‘हे जलान्वेषका, तृषार्त धरेच्या गर्भातील गूढा’ अशी सुरुवात होती.

चंपानं चुलीपुढूनच विचारलं, “व्हय हो गुर्जी, ह्यात गर्भार कोण हाय?”

गुरुजींनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. तिसऱ्या कडव्यात त्यांचा गळा दाटला. चौथ्यापासून मी गाण्यातून गायबच झालो. पुढची नऊ कडवी त्यांची गारगोटीला झालेली बदली आणि तिथं मिळालेली खोली ह्यांच्यावर होती. वाचून झाल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, “तुमच्या जाण्यानं मला फार मोकळं वाटलं, तोडकर.”

ते गेल्यावर चंपा हसून हसून भिंतीला टेकली. मग डोळे पुसून म्हणाली, “मी सांगू का? भागाक्काला इचारा.”

“ती कोण?”

“माझ्या मावसबहिणीच्या नणंदेची जाऊ. लई झ्याक गाणी जुळवती. कुणाचं बी जुळवती. पर ती तुमाला पसंत करती का बघा.”

“ती मला पसंत करती म्हंजे? पसंत मी करणार. गाणं माझं हाय.”

“बघू की,” चंपा म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या तोंडावर तेव्हा जे काही होतं, ते मी भाकरीच्या धगीमुळं असेल असं धरून चाललो.

बाजारच्या दिवशी भागाक्का आमच्या ओसरीवर आली. पंचेचाळिशीची बाई, काटक. मान अशी सरळ की डोक्यावर अजून घागर आहे की काय असं वाटावं. कागद नाही, वही नाही. चहा घेतला, बशी पालथी घातली आणि म्हणाली, “हं दाजी. सांगा तुमचं.”

मेहुणीच्या नात्यानं दाजी म्हटल्यावर मला हुरूप आला. मी सुटलो. भिवघाटातल्या विहिरीला असं पाणी लागलं की तीन गडी शिडीशिवाय वर आले, त्यातला एक तर हातात पहार घेऊन, आणि त्याची बिडीसुद्धा विझली नव्हती, हे सांगितलं. तहसीलदाराच्या खुर्चीखाली मला गंगा दिसली होती. पण साहेब खुर्ची सोडीनात म्हणून तालुका अजून तहानलेला आहे, हेही सांगितलं. एका विहिरीला रविवारी गोड आणि सोमवारी खारं पाणी यायचं, ते सांगताना चंपा उठून आत गेली. भागाक्का मात्र सगळं ऐकत होती. हसली नाही, हुंकार चुकवला नाही.

“चांगलं हाय,” ती शेवटी म्हणाली. “आता खडक कुठं लागला ते सांगा.”

“खडक?”

“तीनशे बारा भुई फोडल्या. एकदा तरी खडक लागला असंल.”

“न्हाई. कुठंच न्हाई.”

“आठवा की.”

“न्हाई म्हणलं न्हवं!”

ती उठली. टोपली उचलली. “मग न्हाई जमायचं, दाजी. पाणी लागल्याली विहीर कुणाच्या बी नावावर खपती. तुमच्या चेअरमननं न्हाई का सपनात पाडली? जी कोरडी गेली ती तेवढी ज्याची त्याची असती. ती न्हाई तर गाणं कशाचं जुळवू?”

मला राग आला. आजवर शाहिरानं नाव बदलायला सांगितलं, गुरुजींनी मला बाजूला सारून स्वतःलाच रडून घेतलं, पण गाणंच नाकारायला कुणी धजलं नव्हतं. मी म्हणालो, “बाई, चूक निघाली तरच गाणं, ही कुठली पद्धत?”

“माझी. पंचमीला आमच्या वाडीवर या. तिथं आठवलं तर सांगा. मग बघू.”

“कुठली वाडी?”

“शिंत्रेवाडी.”

हातातली बशी मी जपून खाली ठेवली. तरी ती वाजलीच.

“डॉक्टरनं चढ बंद केलाय,” मी म्हणालो.

“बाया दोन दोन घागरी घेऊन चढत हुत्या त्यो चढ,” भागाक्का पायरी उतरता उतरता म्हणाली. “तुमी नारळाबिगार या. हलकं जाईल.”

शिंत्रेवाडीत मी अठ्ठावीस वर्षं पाय ठेवला नव्हता. पलीकडच्या गावी जायचं झालं तर चार मैलांचा वळसा घालून जात असे, आणि कुणी विचारलं तर सांगत असे की वाडीच्या वाटेवर मला एकदा वाघ आडवा आला होता. तिथं ससासुद्धा कुणाला आडवा आला नसेल. का जात नव्हतो, ते मी चंपालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवस मी रोज न जायचं ठरवत होतो. छातीवर हात ठेवून बसायचो. चंपानं एकदाही आग्रह केला नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. कशाला जिवाला त्रास? केरबाराव हायच की.”

आणि तेवढ्यात शेजारच्या आळीत कुणाच्या तरी दहाव्याची तयारी म्हणून शाहिरांच्या डफावर थाप पडली. ‘गेला हिंदुराव, गेला दानशूर कर्ण.’ सूर तोच, हुंदकाही त्याच जागी. मी उठलो आणि पायताणाला तेल लावलं.

नागपंचमीला आमच्याकडं भुईला कुदळ लावत नाहीत. नांगर नाही, विळा नाही, चुलीवर तवासुद्धा नाही. उकडलेलं पुरणाचं दिंड खायचं. भुईखाली नागाचं घर, त्याला त्या दिवशी इजा नको. चंपानं दिंडांचा डबा घेतला आणि आम्ही दर शंभर पावलांवर बसत चढ चढलो. बसलो की मी छाती धरायचो आणि ती म्हणायची, “परत फिरू या का?” असं विचारल्यावर कोण फिरतो?

वाडीच्या तोंडाशी एक करंज आहे. त्या दिवशी मी त्याला बघितला आणि ओळखला. तो मोठा झाला होता, पण माणूस ओळखतो तसं मी झाड ओळखलं. त्याच्या बुंध्याभोवती घडीव काळ्या दगडांचा रुंद पार बांधलेला होता. पाराच्या पलीकडं बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत खड्डा. मी आत डोकावलो नाही.

मैदानात तीसेक बायका फेर धरून गात होत्या. आम्ही दिसलो आणि फेर थांबला. पदर तोंडाला गेले. नेहमीचाच मान. मी पटका सावरला आणि हात वर करून म्हणालो, “चालू द्या, चालू द्या.”

तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं. एकीचं बघून दुसरी हसली. मग भागाक्का फेरातून मोकळी होऊन पुढं आली.

“थांबू नका गं,” ती म्हणाली. “एवढी वर्सं ह्यांच्या माघारी म्हणलं. आज खुद्द आल्यात. पहिल्यापासनं घ्या.”

चंपानं डबा पारावर ठेवला, पदर खोचला आणि सरळ फेरात जाऊन उभी राहिली. तिला पावलं येत होती. तिला शब्दही येत होते.

*पाणाड्या आला गं, आला नारळ घेऊन*
*वाडी सारी बसली गं, घागरी धुऊन*

*नारळ उभा ऱ्हायला गं, डुलाया लागला*
*पाणाड्या म्हणला गं, समिंदर घावला*

मी पाराला टेकलो. माझे कान तापले होते. बायका वाकत होत्या, टाळी देत होत्या, आणि भागाक्का माझ्यासारखी मान तिरकी करून, तळहातावर नसलेला नारळ नाचवत फेराच्या मधोमध चालत होती. मी असा चालतो हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

*धा हात खणलं गं, मुरूम लागला*
*ईस हात खणलं गं, खडक जागला*

*तीस हात खणलं गं, पाताळ दिसलं*
*शेषाचं पोरगं गं, खुदकन हसलं*

*न्हाई पाणी हितं गं, जावा माघारी*
*पाणाड्या जेवतो गं, गाव शेजारी*

म्हणजे गावोगावी मला बघून थांबत होतं ते हे. वीस-पंचवीस गावांच्या पंचम्या माझ्यावर चालल्या होत्या आणि मी आदरानं मान डोलवत मधून गेलो होतो. एकट्या मलाच ते गाणं माहीत नव्हतं.

मग फेर हळू झाला, आणि सगळ्याजणी एका आवाजात:

*खरं सांग पाणाड्या, देवाची आण*
*कशापायी केलीस तू, हितंच खूण?*

आणि थांबल्या. टाळीचा हात हवेत, एक पाऊल पुढं. एक म्हातारी माझ्या शेजारी पारावर बसली होती. ती बोळक्या तोंडानं म्हणाली, “हितं जबाब द्यायचा अस्तो. दर वर्सी कुणीतरी मनाचा देती. कुणी म्हणती पाटलाच्या सुनंला बघून, कुणी म्हणती भांग खाऊन. आज तुमीच हाय तर तुमीच द्या.”

तीस बायका माझ्याकडं बघत होत्या. मी गोष्टी रचणारा माणूस. माझ्या जिभेवर तिथल्या तिथं तीन जबाब तयार झाले. नागोबानं फणा काढून जागा दाखवली, हा पहिला. पाणी होतं पण कुणाच्या तरी शापानं सरकलं, हा दुसरा. तिसरा तर इतका सुरेख होता की तो वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. मी तोंड उघडलं. समोर भागाक्का उभी होती, मान तशीच सरळ.

“सावली,” मी म्हणालो.

“मोठ्यानं, दाजी. म्हाताऱ्यास्नी ऐकू येत न्हाई.”

“सावली बघून!” मी ओरडलो. “वैशाखाचं ऊन हुतं. पलीकडच्या गावात जत्रंचं मटण शिजलंतं, मला तिकडं जायचं हुतं. सारं रान हिंडायचा कंटाळा आला. ह्या करंजाखाली सावली हुती म्हणून बसलो. घटकाभर टेकावं म्हणून. तर तुमची माणसं धावत आली, पाणाड्या बसला, पाणाड्या बसला, म्हणजे हितंच हाय. मी... मी व्हय म्हणलं. मग नारळ उभा केला.”

पाराचे दगड मी तेव्हा नीट बघितले. ते कुठून आले होते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

“तीन उन्हाळे खणलं,” भागाक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माझ्या आयनं मला ह्या वाडीत का दिली, ठाव हाय? म्हणाली, पोरी, तिथं मोठ्या पाणाड्यानं विहीर दावलीया, तुला घागर व्हायला लागायची न्हाई. मी नांदाया आले तवा पंधरा हात झालंतं. मग खाली त्यो ओढा दिसतोय न्हवं? तिथनं आणलं. एकोणीस वर्सं. मग नळ आला.”

मला वर बघवेना.

“चढावर दम लागायचा,” ती पुढं म्हणाली. “बसायची सोय न्हाई, घागर डोक्यावर. मग एक ओळ जुळवायची. वर पोचस्तोवर दुसरी. तुमच्यावर लई दम खर्ची पडलाय माझा, दाजी.”

मी पटका काढून हातात घेतला. शेवटी भागाक्कानंच विचारलं,

“सावली बरी हुती का पर?”

“आं?”

“सावली. बसला हुता न्हवं. बरी हुती का?”

“थंडगार हुती,” मी म्हणालो.

पहिली ती बोळकी म्हातारी हसली. खांदे हलायला लागले, मग आवाज आला, आणि मग तिला आवरेना. “अगं आयाय गं,” ती म्हणत होती, “सावली! आमी म्हणलं काय मंतर, काय तंतर... सावली!” आणि मग सगळं मैदान हसलं. चंपा तर बसूनच हसली. मी हसलो की रडलो ते मला सांगता येणार नाही, पण चेअरमनच्या दहाव्याला मिळालेला टॉवेल सोबत आणला नव्हता, म्हणून पटक्यानं तोंड पुसलं.

“तेवढं तरी तुमी दावल्यालं खरं निघालं,” भागाक्का म्हणाली. “बसा. सावली अजून हाय.”

मी पारावर, त्याच करंजाखाली बसून चार दिंडं खाल्ली. वरून तूप. जाताना धीर करून विचारलं, “मग अक्का, माझं गाणं जुळवताय न्हवं?”

“ऐकलं ते काय हुतं?” ती म्हणाली. “तुमचं गाणं कवाच जुळलंय. तुमी निवडाया निघालायसा आत्ता. एक शेवटचं कडवं तेवढं ऱ्हायलंतं. आज जबाब मिळाला, आता जुळवते.”

“म्हणा की मग.”

“न्हाई. ते मेल्यावरचं. ते तुमी ऐकायचं न्हाई.”

ह्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. डॉक्टरनं मला दोन वर्षं दिली होती. त्याच्या तेराव्याला मी जेवून आलो. शाहीर हुजरे गेले. त्यांच्या दहाव्याला त्यांच्या चेल्यानं तेच गाणं म्हटलं, आणि शामराव हे नाव चालीत असं बसलं, जणू चाल त्यांनी स्वतःसाठीच राखून ठेवली होती. त्या पंचमीनंतर मी विहिरींचा आकडा तीनशे बाराच सांगत राहिलो, फक्त पुढं ‘आणि एक सावली’ असं जोडू लागलो. लोकांना वाटायचं, ही नवीन थाप.

दर पंचमीला मी शिंत्रेवाडीला जात राहिलो. बायका मला बघून थांबेनाशा झाल्या. सगळं गाणं म्हणायच्या, प्रश्नाशी आल्या की मी पारावरून ओरडायचो, “सावली!” आणि हशा व्हायचा. पण त्यानंतर फेर थांबायचाच. शेवटचं कडवं मी वाडी उतरल्यावर व्हायचं. वाऱ्यावर हशा तेवढा खाली यायचा, शब्द यायचे नाहीत. चंपाला येतं. चुलीपुढं ती गुणगुणत तिथवर पोचते, माझ्याकडं बघते आणि गप्प होते. पन्नास वर्षं जिच्याशी संसार केला, तिनं तेवढं एक सांगितलं नाही.

दोन वर्षांमागं भागाक्का गेली. मी दहाव्याला गेलो होतो. बायकांनी तिचंच एक गाणं म्हटलं. कुणाला टॉवेल लागला नाही, सगळे पदरालाच डोळे पुसत होते.

परवाच्या पंचमीला चंपाचे गुडघे चालेनात, म्हणून एकटाच चढलो. एक्याऐंशीव्या वर्षी चढ लांब झालाय. पोचलो तेव्हा गाणं प्रश्नाच्याही पुढं गेलेलं. फेराच्या मध्ये एक कोवळी सून होती, पहिल्याच पंचमीची. भागाक्काची नातसून. ती मला ओळखत नव्हती. एका जुन्या बाईनं मला बघितलं आणि पोरीला हात केला, थांब म्हणून. मी त्या बाईला मागूनच खूण केली: असू दे.

पोरीनं मान तिरकी केली, तळहात पुढं धरला, आणि घेतलं:

*पाणाड्या मेला गं, सरगात गेला*
*तिथं बी नारळ गं, उभा त्यानं केला*

*तेहतीस कोटी देव गं, खणत्यात वाकून*
*पाणाड्या बसलाय गं, सावली बघून*

टाळ्या पडल्या, फेर मोडला. पोरगी धापा टाकत पाराशी आली आणि माझ्या शेजारी टेकली. तांब्या तोंडाला लावून पाणी प्याली. माझ्याकडं बघितलं.

“काय झालं आजोबा? डोळ्यांत काय गेलं?”

“काय न्हाई.”

“तुमी जुनं माणूस दिसताय. त्या पाणाड्याला बघितलंतं का तुमी?”

“मीच त्यो,” मी म्हणालो.

ती तांब्या सांभाळत हसायला लागली. “काय बी थापा मारताय आजोबा! त्यो कवाच मेलाय. आमच्या आजेसासूबाईंनी गाण्यात घातलाय की.”

भागाक्कानं घातलंय म्हटल्यावर मी काय वाद घालणार? ऊन माझ्या पायांवर आलं होतं. करंजाची सावली तेवढ्यात थोडी पुढं गेली होती. मीही सरकून तिच्यात बसलो.